निर्णय कोणाचा? चार्टर्ड इंजिनिअरच्या अर्जाचा अनुभव

ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमधून ऐरोली, रबाळे, घणसोली आणि कोपरखैरणे या स्थानकांवर सकाळी जी गर्दी उतरते, तिच्यात डिझाइन ऑफिसांत काम करणाऱ्या इंजिनिअरांचा भरणा मोठा असतो. एमआयडीसीच्या ज्या पट्ट्यात एकेकाळी प्रामुख्याने रसायनांचे कारखाने होते, त्याच पट्ट्यात आज आखाती देशांतील, युरोपातील आणि भारतातील रिफायनऱ्यांची व रासायनिक प्रकल्पांची ड्रॉइंग तयार होतात. या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: तयार करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा. पहिल्या दोन चौकटींत बहुधा आमची आद्याक्षरे असतात, तिसऱ्या चौकटीतली सही मात्र पुष्कळदा दुसऱ्या देशातल्या माणसाची असते. काम आमचे, हिशोब आमचे, रात्रीचे फोनही आमचेच. परंतु निर्णय कोणाचा, असे कोणी विचारले तर उत्तर देताना अडखळायला होते. चार्टर्ड इंजिनिअर होण्यासाठी अर्ज करताना माझी खरी कसोटी याच प्रश्नावर लागली. म्हणून त्या प्रक्रियेचा अनुभव, तिच्या कागदोपत्री बाजूपेक्षा या बाजूने, थोडा विस्ताराने लिहीत आहे.

मी महापे येथील एका सल्लागार कंपनीत प्रोसेस इंजिनिअर म्हणून काम करतो आणि राहायला ठाण्यात, पाचपाखाडीला आहे. चार्टर्ड होण्याचा विचार घरी प्रथम बोलून दाखवला तेव्हा काकांनी मोठ्या कौतुकाने विचारले, ‘या वयात सीए करतोस की काय?’ त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. चार्टर्ड अकाउंटंट कोणाला म्हणायचे हे आपल्याकडे १९४९ च्या कायद्याने ठरलेले आहे आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. सर्व शाखांच्या इंजिनिअरांची नोंदणी बंधनकारक करणारा असा केंद्रीय कायदा मात्र भारतात नाही. डॉक्टर किंवा वकील नोंदणीशिवाय व्यवसाय करू शकत नाही, पण इंजिनिअरला पदवी आणि नोकरी एवढे पुरते. त्यामुळे चार्टर्ड इंजिनिअर म्हणजे नेमके कोण, हे पुष्कळ इंजिनिअरांनाही सांगता येत नाही.

भारतात ही ओळख देणारी प्रमुख संस्था म्हणजे ‘द इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आणि १९३५ मध्ये रॉयल चार्टर, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेची सनद, मिळालेल्या या संस्थेचे मुख्यालय कोलकात्यात आहे आणि तिच्या कॉर्पोरेट सभासदांना चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र घेता येते. आपल्या भागात या प्रमाणपत्राचा सर्वांत ठळक उपयोग न्हावा-शेवा बंदरात दिसतो. परदेशातून जुनी यंत्रसामग्री आली की तिचे वय किती, उरलेले आयुष्य किती आणि किंमत वाजवी आहे की नाही, हे सांगणारा चार्टर्ड इंजिनिअरचा अहवाल कस्टम्ससाठी लागतो. निर्यात प्रोत्साहनाच्या काही योजनांतही यंत्र खरोखरच बसवले आहे, याचा दाखला तोच देतो. आमच्या ऑफिसातल्या खरेदी विभागाच्या दृष्टीने चार्टर्ड इंजिनिअर म्हणजे ‘तो शिक्का मारणारा’. हे काम जबाबदारीचे आहे आणि ज्याला स्वतंत्र व्यवसाय करायचा आहे त्याने हेच प्रमाणपत्र आधी घ्यावे, असे माझे मत आहे.

मला मात्र ज्या प्रकल्पांवर काम करायचे होते, त्यांच्या निविदांमध्ये प्रमुख प्रोसेस इंजिनिअर चार्टर्ड असावा अशी अट येत असे आणि तिचा रोख ब्रिटनमधील नोंदणीकडे असे. तिकडची रचना थोडी वेगळी आहे. नोंदणीपुस्तक ‘इंजिनिअरिंग कौन्सिल’ या संस्थेकडे असते. तिला १९८१ मध्ये रॉयल चार्टर मिळाले. अर्ज मात्र थेट तिच्याकडे करायचा नसतो. तिने परवाना दिलेल्या तीन डझनांहून अधिक व्यावसायिक संस्थांपैकी आपल्या शाखेच्या संस्थेमार्फत तो करावा लागतो. स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत अशा प्रत्येक शाखेची स्वतंत्र संस्था आहे. माझी शाखा रासायनिक असल्यामुळे मी ‘इन्स्टिट्यूशन ऑफ केमिकल इंजिनिअर्स’ या १९२२ मध्ये स्थापन झालेल्या आणि रग्बी या गावी कार्यालय असलेल्या संस्थेकडे अर्ज केला. ब्रिटनमध्येही नुसते ‘इंजिनिअर’ म्हणवून घ्यायला कोणाची आडकाठी नाही. ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हे पद मात्र संरक्षित आहे आणि ते परीक्षेतल्या गुणांवर मिळत नाही. आपल्याच व्यवसायातील लोक आपल्या कामाची झाडाझडती घेऊन ते देतात.

पहिला अडसर पदवीचा होता. चार्टर्ड इंजिनिअरसाठी ज्ञानाची अपेक्षा ढोबळमानाने पदव्युत्तर पातळीची आहे. अर्जदाराची पदवी मान्यताप्राप्त नसेल, तर ते ज्ञान आपण नोकरीत मिळवले आहे हे त्याला वेगळे सिद्ध करावे लागते. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारा ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’ १९८९ चा. भारताचे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, म्हणजे एनबीए, त्याचे पूर्ण सदस्य झाले ते २०१४ मध्ये. शिवाय ही मान्यता सरसकट सगळ्या महाविद्यालयांना लागू होत नाही. मंडळाने विशिष्ट श्रेणीत मूल्यांकन केलेल्या अभ्यासक्रमांनाच ती मिळते. माझी मुंबई विद्यापीठाची बी.ई. त्याआधीची. त्यामुळे कलिना येथील परीक्षा विभागातून गुणपत्रकांचे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट काढणे, अभ्यासक्रमाची जुनी पुस्तिका मिळवणे आणि त्यापुढे जाऊन उष्णतावहन, अभिक्रिया, पृथक्करण, नियंत्रण, सुरक्षा यांपैकी कोणते ज्ञान मी कोणत्या प्रकल्पात किती खोलवर वापरले याचे लेखी विवरण देणे, असे तिहेरी काम पुढे आले. यातले पहिले दोन भाग कंटाळवाणे आहेत आणि त्यांबद्दल जास्त सांगण्यासारखे काही नाही. जुन्या कागदांच्या झेरॉक्स कोणाकडे सापडतील हे वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारावे, एवढेच.

तिसरा भाग मात्र अर्जाच्या गाभ्याशी जोडलेला आहे. इंजिनिअरिंग कौन्सिलने नोंदणीसाठी जे मानक ठरवले आहे, त्यात पाच गट आहेत. पहिला ज्ञान आणि त्याचा वापर यांचा, दुसरा आराखडा करण्याचा व प्रश्न सोडवण्याचा, तिसरा जबाबदारी आणि नेतृत्वाचा, चौथा संवादाचा आणि पाचवा व्यावसायिक बांधिलकीचा; सुरक्षा, शाश्वत विकास, नैतिकता आणि सतत शिकत राहणे या गोष्टी पाचव्या गटात येतात. प्रत्येक गटाखाली पोटकलमे आहेत आणि प्रत्येक पोटकलमासाठी स्वतःच्या कामातील पुरावा द्यावा लागतो. पुरावा याचा अर्थ प्रमाणपत्र नव्हे. अमुक परिस्थितीत तुम्ही काय पाहिले, कोणते पर्याय विचारात घेतले, कोणता निवडला, का निवडला आणि पुढे काय झाले, हे सांगणे म्हणजे पुरावा.

आपल्याकडच्या नोकरीच्या बायोडेटाची सवय इथे आडवी येते. ‘अमुक इतक्या क्षमतेच्या युनिटच्या बेसिक इंजिनिअरिंगमध्ये सहभाग, पीअँडआयडी तयार करणे, हॅझॉपमध्ये उपस्थिती, व्हेंडरच्या कागदपत्रांची छाननी’ अशी यादी आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलेलो असतो. ती खरी असते, पण तिच्यावरून माणूस ओळखता येत नाही. वाशीला राहणारे, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले आणि स्वतः चार्टर्ड असलेले आमचे एक ज्येष्ठ परिचित आहेत. मसुदा वाचून दाखवायला मी त्यांच्याकडे जात असे. त्यांची कसोटी एकच होती. कोणतेही वाक्य वाचले की ते विचारत, ‘हे काम तुझ्याऐवजी तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने केलं असतं, तर काही वेगळं घडलं असतं का? नसेल घडलं, तर ते खोड.’ या चाळणीतून मोठमोठ्या प्रकल्पांची नावे भराभर गळून गेली आणि जे उरले ते आकाराने अगदीच किरकोळ वाटणारे होते.

त्यातले एक उदाहरण इथे सविस्तर सांगतो, कारण माझ्या अर्जाचा मोठा भाग त्याच्यावर उभा होता. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक, पट्ट्यातील एका जुन्या युनिटची क्षमता वाढवायची होती आणि सुरक्षेच्या दृष्टीने तेथील सेफ्टी व्हॉल्व्हची फेरतपासणी आमच्याकडे आली होती. ज्वलनशील सॉल्व्हंट साठवणाऱ्या एका आडव्या व्हेसलवर, म्हणजे बंद टाकीवर, २ इंची इनलेटचा व्हॉल्व्ह होता आणि त्याचे छिद्र ‘जे’ या प्रमाणित आकाराचे, म्हणजे १.२८७ चौरस इंचांचे होते. व्हेसलखाली आग लागली तर आतला द्रव उकळून जेवढी वाफ होईल तेवढी बाहेर सोडणे हे या व्हॉल्व्हचे काम. ती वाफ किती, हे काढण्यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय ५२१ या मानकात सूत्र आहे. द्रवाने ओल्या राहणाऱ्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यायचे, त्याचा ०.८२ हा घात काढायचा आणि एका गुणकाने गुणायचे. व्हेसल उघडे असेल, म्हणजे त्यावर अग्निरोधक आवरण नसेल, तर उत्तर थेट वॅटमध्ये मिळते. गुणक मात्र दोन आहेत. सांडलेला द्रव व्हेसलखालून वाहून जाण्याची चांगली सोय असेल आणि अग्निशमनाची व्यवस्था तत्पर असेल तर ४३,२००, नसेल तर ७०,९००.

मूळ डेटा शीटमध्ये ४३,२०० हा गुणक घेतलेला होता आणि तो परदेशातल्या लायसन्सरने, म्हणजे प्रक्रियेचे तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीने, घेतलेला असल्यामुळे त्याला हात लावण्याचे कोणाच्या मनात नव्हते. मी साइटवर गेलो ते पावसाळ्याचे दिवस होते. मूळ आराखड्यात व्हेसलखालच्या जमिनीला गटाराच्या दिशेने उतार दाखवलेला होता; पण मधल्या काळात त्या गटाराच्या तोंडाशी दोन पंपांची काँक्रीटची फाउंडेशन झाली होती आणि त्यांच्या मागे, नेमके व्हेसलच्या पोटाखाली, पावसाचे पाणी साचून राहिले होते. जिथे पाणी साचते तिथे सॉल्व्हंटही साचणार. निचऱ्याची सोय कागदावर होती, जमिनीवर राहिली नव्हती. ७०,९०० घेतल्यावर उष्णतेचा भार जवळजवळ ६४ टक्क्यांनी वाढला आणि ‘जे’ छिद्र अपुरे ठरले. त्यापुढचे ‘के’, म्हणजे १.८३८ चौरस इंचांचे, घ्यावे लागणार होते. त्या व्हॉल्व्हचे इनलेट ३ इंची असते. म्हणजे नुसता व्हॉल्व्ह बदलून भागणार नव्हते, व्हेसलवरचा नोझलही, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर बसतो ते तोंडही, बदलायचा होता. सॉल्व्हंटच्या व्हेसलवर वेल्डिंग म्हणजे ते पूर्ण रिकामे करणे, धुणे, वायूची चाचणी घेणे आणि त्यासाठी प्लँटचा शटडाऊन घेणे.

साहजिकच प्रश्न आला की इतकी वर्षे चालले आहे, तर आताच काय बिघडले? दुसरे म्हणजे, लायसन्सरचा आकडा बदलण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? मी जे टिपण लिहिले त्यात तीन पर्याय मांडले होते. अग्निरोधक आवरण घातले तर उष्णतेचा भार कमी धरता येतो, परंतु ते आवरण सुमारे ९०४ अंश सेल्सियसला दोन तास टिकले पाहिजे आणि अग्निशमनाच्या पाण्याच्या माऱ्याने निखळता कामा नये. त्या व्हेसलची गंजाची तपासणी वारंवार करावी लागत असल्यामुळे आवरण दर वेळी काढावे लागले असते आणि दर वेळी ते पूर्ववत नीट बसले आहे की नाही याची शंका राहिली असती. जमिनीचा उतार पुन्हा करून घेणे हा दुसरा पर्याय आणि मोठा व्हॉल्व्ह हा तिसरा. पुढच्या नियोजित शटडाऊनमध्ये व्हॉल्व्ह व नोझल बदलावा, उताराचे काम वेगळ्या टप्प्यात घ्यावे आणि शटडाऊन होईपर्यंत व्हेसलमधील पातळी एका मर्यादेच्या खाली ठेवावी, अशी शिफारस मी केली. पातळी कमी म्हणजे ओला पृष्ठभाग कमी, म्हणजे आगीत तयार होणारी वाफही कमी. ती जुन्या व्हॉल्व्हमधून जाऊ शकेल अशी पातळी मी हिशोब करून दिली. उत्पादन विभागाने कुरकुर केली, पण ती मर्यादा पाळली गेली.

बायोडेटात हे सगळे ‘रिलीफ सिस्टिमच्या फेरतपासणीत सहभाग’ या एका ओळीत मावले असते. अर्जात ते लिहिताना मला प्रथमच स्पष्ट दिसले की ज्या कामाला ऑफिसात कोणी विशेष महत्त्व दिले नव्हते, त्यात ज्ञान, पर्यायांची तुलना, लोकांना पटवणे आणि सुरक्षेची जबाबदारी असे मानकातले चार-पाच मुद्दे एकत्र आलेले होते. उलट, ज्या हजारो कोटींच्या रिफायनरी प्रकल्पाचे नाव मी अभिमानाने सांगत असे, त्यात माझ्या वाट्याला आलेल्या कामातले बहुतेक निर्णय आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेले होते. डिझाइन ऑफिसातल्या माणसाने प्रकल्पाच्या आकाराला भुलू नये, हे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे.

शाश्वत विकासाच्या कलमाला बरेच जण कंपनीच्या धोरणातली वाक्ये उतरवून वाटेला लावतात असे ऐकले होते. मी सॉल्व्हंटच्या टाक्यांच्या व्हेंटवर कंडेन्सर बसवण्याच्या एका छोट्या अभ्यासाचे उदाहरण दिले: थंड पाण्याचे तापमान किती खाली न्यावे, म्हणजे वाचणाऱ्या सॉल्व्हंटपेक्षा चिलरची वीज जास्त जाणार नाही, एवढाच त्याचा विषय. नैतिकतेच्या कलमाला हॅझॉपमधला, म्हणजे प्रकल्पातले संभाव्य धोके एकत्र बसून शोधण्याच्या बैठकीतला, प्रसंग दिला. बैठक संपवायची घाई असताना एक शिफारस ‘सध्याची व्यवस्था पुरेशी’ असा शेरा मारून बंद करण्याची सूचना आली होती आणि मी ती उघडी ठेवायला लावली होती. सतत शिकण्याच्या कलमासाठी मात्र झालेल्या प्रशिक्षणांची यादी पुरत नाही. पुढच्या काही वर्षांत आपल्याला काय शिकायचे आहे आणि का, याचा आराखडाही द्यावा लागतो.

दोन व्यवहारी अडचणींचा उल्लेख करायला हवा. पहिली गोपनीयतेची. प्रकल्पांची कागदपत्रे क्लायंटच्या मालकीची असतात आणि ती अर्जाला जोडता येत नाहीत. कंपनीच्या कायदा विभागाची लेखी परवानगी घेऊन मी सगळी नावे, ठिकाणे आणि उपकरणांचे क्रमांक काढून टाकले, तरीही हिशोबाचे तर्कशास्त्र वाचणाऱ्याला कळेल इतपत आकडे ठेवले. दुसरी अडचण दुजोरा देणाऱ्यांची. तुमचे काम जवळून पाहिलेल्या जबाबदार व्यक्तीने तुमच्या म्हणण्याला दुजोरा द्यावा लागतो. आमच्या क्षेत्रात माणसे इतक्या वेळा नोकरी बदलतात की ज्यांनी काम पाहिले ते अबुधाबीला, ह्यूस्टनला, नाहीतर बडोद्याला गेलेले असतात. त्यांना फोन करून ‘सर, ते पंपांच्या फाउंडेशनचं आठवतंय ना?’ असे विचारताना संकोच वाटतो खरा. पण माझ्या तेव्हाच्या प्रोजेक्ट मॅनेजरांना ते लख्ख आठवत होते. लायसन्सरला ई-मेल कोणी पाठवायचा यावरून आमची झालेली हुज्जतसुद्धा त्यांनी आठवणीने सांगितली.

मुलाखत व्हिडिओवर झाली. ब्रिटनमधील कामाच्या वेळेमुळे ती आपल्याकडे दुपारी आली, आणि मी घरी बसण्याऐवजी ऑफिसातली एक बैठकीची खोली घेतली. दोघे मुलाखतकार होते आणि दोघांनीही अहवाल बारकाईने वाचलेला होता. ‘स्वतःबद्दल सांगा’ छापाचा प्रश्न आला नाही. थोडी प्रास्ताविक चर्चा झाल्यावर त्यांपैकी एका बाईंनी व्हॉल्व्हचे उदाहरण काढले आणि जवळजवळ अर्धा वेळ आम्ही त्यावरच बोललो.

त्यांचा पहिलाच प्रश्न वर्मी लागणारा होता. आगीत व्हेसलचा जो भाग द्रवाच्या पातळीच्या वर असतो, त्याच्या पत्र्याला आतून थंड ठेवणारे काही नसते. तो तापून मऊ पडतो आणि व्हॉल्व्ह उघडून दाब मर्यादेत असला तरी तिथून व्हेसल फुटू शकते. असे असताना, द्रव साचूच न देणारा उतार आधी का केला नाही आणि मोठ्या व्हॉल्व्हला पहिला क्रम का दिला? त्यातही पातळी कमी ठेवण्याच्या तात्पुरत्या उपायाने उघडा पत्रा वाढलाच की नाही? मी सांगितले की दुसरा मुद्दा खरा आहे आणि त्यासाठीच त्या काळापुरती व्हेसलवर पाण्याच्या फवाऱ्याची व्यवस्था तपासून चालू स्थितीत ठेवायला सांगितली होती. उताराच्या कामासाठी पंपांची फाउंडेशन हलवावी लागणार होती, त्याला शटडाऊनपेक्षाही जास्त काळ लागणार होता. शिवाय एकदा केलेला उतार पुढच्या कोणत्यातरी दुरुस्तीत पुन्हा अडवला जाऊ शकतो, हे त्या जागेनेच दाखवून दिले होते. व्हॉल्व्हचा आकार असा नकळत बदलत नाही. तरीही उतार हाच मुळाशी जाणारा उपाय आहे, व्हॉल्व्ह त्याची जागा घेऊ शकत नाही, हे टिपणात लिहिलेले आहे, असे मी म्हणालो. त्यावर दुसऱ्या मुलाखतकाराने विचारले, की फाउंडेशन होत असताना ते कोणाच्या लक्षात का आले नाही आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय केले? तेथील बदल-नियंत्रणाच्या फॉर्ममध्ये यंत्रे आणि पाइपिंग यांचा उल्लेख होता, स्थापत्यकामांचा नव्हता. तो रकाना वाढवण्याची शिफारस आम्ही केली होती. ती मी केली होती का, असे त्यांनी लगेच विचारले. ती सूचना तेथील सेफ्टी ऑफिसरांची होती, मी ती टिपणात घेतली, असे उत्तर दिले. ते काहीतरी लिहून घेऊन पुढे गेले.

याच पद्धतीने मुलाखत तासभर चालली. प्रत्येक उदाहरणात, तुम्हाला कोण रोखू शकत होते, तुमच्या वरच्या अधिकाऱ्याने नकार दिला असता तर तुम्ही कुठवर गेला असता, कोणत्या गोष्टीसाठी तुम्ही दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाल, असे प्रश्न येत राहिले. शेवटच्या प्रश्नाला मी नि:संकोचपणे सांगितले की व्हेसलच्या पत्र्याची ताकद आगीत किती वेळ टिकेल याचे विश्लेषण मी स्वतः करणार नाही, ते त्या विषयातल्या माणसाकडून करून घेईन. आपल्याकडच्या मुलाखतींत ‘मला येत नाही’ म्हणणे म्हणजे हातची नोकरी घालवणे, असा समज आहे. इथे आपल्या मर्यादेपलीकडचे काम न स्वीकारणे हे आचारसंहितेचेच कलम आहे.

मुलाखतकार फक्त शिफारस करतात, अंतिम निर्णय संस्थेच्या पातळीवर होतो. काही काळाने सभासदत्व मंजूर झाल्याचे आणि पाठोपाठ इंजिनिअरिंग कौन्सिलकडे नाव नोंदल्याचे कळले. काकांना मी फोटो पाठवला. त्यांनी तो ‘सीए झाला’ असे लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि मीही ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडलो नाही.

पगारात यामुळे आपोआप काही फरक पडत नाही, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगतो. सरकारी नोकरीत किंवा महापालिकेच्या परवान्यांसाठी ब्रिटनमधल्या या नोंदणीचा थेट उपयोग नाही; सोसायटीच्या इमारतीला तीस वर्षे झाली म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असेल तर त्यासाठी महापालिकेच्या यादीवरचा स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो. निविदांमध्ये, आखाती आणि युरोपीय क्लायंटसमोर, तसेच सुरक्षा अभ्यासांचे नेतृत्व करताना मात्र तिला वजन आहे. त्याबरोबर दरवर्षीची वर्गणी आहे आणि आपण वर्षभरात काय शिकलो याची नोंद ठेवण्याचे बंधन आहे. संस्था सभासदांतून काही जणांची निवड करून त्या नोंदी तपासायला मागवते, त्यामुळे मागील तारखा टाकून वही भरण्यात अर्थ नाही.

ऑफिसातले तरुण सहकारी आता नमुन्यासाठी माझा अहवाल मागतात. तो मी देत नाही, कारण तो वाचून त्यांचाही अहवाल व्हॉल्व्हवरच लिहिला जाईल. त्याऐवजी त्यांना दोन गोष्टी आजपासून करायला सांगतो. हिशोबाच्या फाइलच्या पहिल्या पानावर कोणती गृहीतके घेतली आणि ती कोणी ठरवली हे नावानिशी लिहून ठेवायचे. आणि ज्या युनिटचे ड्रॉइंग करतो आहोत ते रबाळ्यात किंवा तुर्भ्यात, रिक्षाच्या अंतरावर असेल, तर एकदा तरी ते स्वतः, शक्यतो पावसाळ्यात, जाऊन पाहायचे. अर्ज ज्याला पाच-सात वर्षांनी करायचा आहे, त्याला तेव्हा स्मरणशक्तीवर भिस्त ठेवावी लागत नाही आणि ड्रॉइंगवरची तिसरी सही कोणाचीही असली तरी कोणता आकडा आपण ठरवला, हे त्याला कागदावर दाखवता येते.